लिनक्सवर विंडोजचे गेम: काय चालतं, कुठं अडतं आणि का

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ बसवायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्या-भुसावळच्या दुकानांत कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप विकायला येतात, त्यांत सहाव्या-सातव्या पिढीचे बरेच असतात. यंत्र धडधाकट, रॅम आठ जीबी, एसएसडी नवी, पण विंडोज ११ त्याला दारात उभं करत नाही. अशा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टम टाकायची म्हटलं की कॉलेजच्या पोराचा पहिला प्रश्न एकच असतो: मग गेमचं काय?

एकट्यानं खेळायचे बहुतेक गेम लिनक्सवर चालतात, आणि चांगले चालतात. जे पक्के अडतात ते दोन ठिकाणी अडतात. एकतर तुमच्या ग्राफिक्स कार्डाला व्हल्कनची, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या पद्धतीची, पुरेशी नवी आवृत्ती येत नाही, नाहीतर गेममधला अँटी-चीट, म्हणजे फसवाफसवी पकडणारा प्रोग्राम, लिनक्सला आत घेत नाही. या दोन्ही गोष्टी विंडोज पुसायच्या आधी तपासता येतात आणि त्या आधीच तपासाव्यात. बाकीच्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत, फक्त बिघाड कोणत्या थरात आहे ते ओळखता आलं पाहिजे.

आत नेमकं काय घडतं

विंडोजचा गेम म्हणजे शेवटी एक ईएक्सई फाइल. तिच्यातल्या सूचना इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरसाठी असतात. लिनक्स टाकल्यानं प्रोसेसर बदलत नाही, त्यामुळे गाडीचा वेग मोजणं, गोळी कुठं लागली ते ठरवणं, शत्रूला चालवणं हे सगळं थेट त्याच वेगानं होतं. खोळंबा होतो तो गेम विंडोजकडे काही मागतो तेव्हा. ही फाइल उघड, अमुक आकाराची खिडकी काढ, हा आवाज वाजव, हा त्रिकोण रंगव. या मागण्या घेऊन त्या लिनक्सच्या पद्धतीनं पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव वाइन.

शेतातल्या मोटारीची कंपनीची बैठक मोडली तर आपण त्याच मापाची भोकं पाडून दुसरी बैठक वेल्डिंग करून घेतो. मोटार तीच, ताकदही तिची. भोक एक सूत इकडंतिकडं झालं तर मात्र बोल्ट बसत नाही. वाइनमध्ये जे बिघाड दिसतात ते बहुतेक याच जातीचे: एखादी मागणी विंडोज ज्या तऱ्हेनं पुरी करायचं, त्यात कुठंतरी बारीक फरक राहिलेला असतो. वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. विंडोजचा आतला कोड न पाहता, बाहेरून त्याचं वागणं तपासून हजारो मागण्या एकेक करून लिहाव्या लागल्या, म्हणून एवढा वेळ लागला.

गेमच्या बाबतीत सर्वात जड मागणी चित्राची. विंडोजचे गेम चित्र काढण्यासाठी डायरेक्ट३डी वापरतात, आणि ते लिनक्सवर नाही. वाइन पूर्वीपासून डायरेक्ट३डीचं रूपांतर ओपनजीएलमध्ये करत आलं आहे. चित्र यायचं, पण वेग मार खायचा. २०१६ मध्ये व्हल्कन हा ग्राफिक्सचा नवा प्रकार आला. तो कार्डाच्या जवळून काम करतो आणि ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, अंदाज बांधत बसावं लागत नाही. त्यावर डीएक्सव्हीके तयार झालं. आज ते डायरेक्ट३डीच्या ८ ते ११ या आवृत्त्या व्हल्कनमध्ये बदलतं. डायरेक्ट३डी १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हे वेगळं सॉफ्टवेअर आहे. वाइन, ही दोन रूपांतरं आणि गेमसाठी केलेल्या बऱ्याच दुरुस्त्या एकत्र बांधून व्हॉल्व कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन काढलं आणि थेट स्टीममध्ये, म्हणजे गेम घ्यायच्या आणि चालवायच्या आपल्या ॲपमध्ये, बसवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीचं स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं. ते लिनक्सवर चालतं. तेव्हापासून गेम बनवणारेही आपला गेम प्रोटॉनवर तपासू लागले, आणि त्याचा फायदा आपल्या जुन्या लॅपटॉपलाही मिळतो.

तेव्हा थर असे: खाली कार्डाचा ड्रायव्हर, त्यावर व्हल्कन, त्यावर डीएक्सव्हीके किंवा व्हीकेडी३डी, शेजारी वाइन आणि सर्वात वर गेम.

पहिली तपासणी: कार्ड

डीएक्सव्हीकेच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, व्हल्कन १.३ लागतं. प्रोटॉन ८ आणि त्यापुढच्या सगळ्या आवृत्त्यांनाही तेच. म्हणून कार्ड किती जीबीचं याच्या आधी ते व्हल्कन १.३ चालवतं का ते पाहायचं.

इंटेलचं अंगचं, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, ग्राफिक्स सहाव्या पिढीपासून, म्हणजे एचडी ५२० आणि पुढं, व्यवस्थित चालतं. चौथ्या पिढीत व्हल्कन अर्धवट आहे, तिसऱ्यात तसंच, आणि दुसऱ्या पिढीला व्हल्कनच नाही. एनव्हिडियात जीटीएक्स ७५०, ९०० मालिका, जीटी १०३० आणि त्यापुढची कार्डं १.३ देतात. जीटी ७१० सारखी केप्लर पिढीची कार्डं ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर १.२ ला थांबतात. एएमडीच्या रायझन ३ ३२००जी सारख्या प्रोसेसरमधलं व्हेगा ग्राफिक्स लिनक्सवर फार छान चालतं, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतो आणि वेगळं काही बसवावं लागत नाही. नवी जोडणी करणार असाल आणि वेगळं कार्ड घ्यायला पैसे नसतील, तर हाच पर्याय आम्ही सुचवू.

कार्ड १.२ वरच थांबत असेल तरी सगळं संपलं नाही. प्रोटॉन ७ मध्ये डीएक्सव्हीकेची जुनी १.१० मालिका आहे, तिला व्हल्कन १.१ पुरतं. डायरेक्ट३डी ९ चे जुने गेम त्यावर खेळता येतात. व्हल्कनच नसेल तर प्रोटॉनला जुन्या ओपनजीएल मार्गानं चालवायचं. वेग कमी मिळेल, पण जीटीए सॅन अँड्रियाससारख्या २००५ च्या गेमला तेवढा पुरतो.

तपासायचं कसं? आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराची आयएसओ फाइल व्हेंटॉय किंवा रूफसनं चढवा आणि पेनड्राइव्हवरूनच यंत्र चालू करा. हार्डडिस्कला धक्का लागत नाही. इंटरनेट जोडून व्हल्कन-टूल्स हे पॅकेज बसवा आणि टर्मिनलमध्ये व्हल्कनइन्फो ही कमांड द्या, पुढं एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि समरी. (कमांड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.) उत्तरात एपीआय-व्हर्जनची ओळ शोधा. तिथं १.३ किंवा पुढचा आकडा आणि त्याखाली तुमच्या कार्डाचं नाव असेल तर काम झालं. नावाच्या जागी एलएलव्हीएमपाइप लिहिलेलं असेल तर कार्ड वापरलंच जात नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे असा अर्थ. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं पुन्हा भेटेल. एनव्हिडिया कार्डाची परीक्षा मात्र पेनड्राइव्हवरून होत नाही, कारण कंपनीचा ड्रायव्हर त्यात नसतो. तिथं मॉडेल पाहूनच ठरवायचं.

दुसरी तपासणी: अँटी-चीट

ऑनलाइन गेममध्ये कोणी फसवाफसवी करू नये म्हणून अँटी-चीट असतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणाली २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेमच्या कंपनीनं तशी परवानगी चालू करावी लागते. काही कंपन्या ती देत नाहीत, काही दिलेली काढून घेतात. एपेक्स लेजंड्स बरीच वर्षं लिनक्सवर चालत होता, ३१ ऑक्टोबर २०२४ ला तो बंद केला गेला. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आला आणि लिनक्सवरून ऑनलाइन खेळणं थांबलं. जीटीए ५ ची कथा एकट्यानं खेळायला मात्र काही अडचण नाही.

व्हॅलोरंटचा व्हॅन्गार्ड तर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या अगदी गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो. वाइनमध्ये विंडोजचा कर्नल नाहीच, फक्त त्याच्या वरच्या मागण्या पुरवल्या जातात. त्यामुळे व्हॅलोरंट आणि लीग ऑफ लेजंड्स चालत नाहीत. फोर्टनाइट आणि पब्जीची संगणकावरची आवृत्तीही नाही. यावर कुठलीही युक्ती करू नका. अँटी-चीटला चकवणं म्हणजे खातं कायमचं बंद करून घेणं, आणि त्या खात्यातल्या खरेदीचे पैसेही त्याबरोबर जातात.

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्ससाठीच निघालेले आहेत, त्यांना प्रोटॉनही लागत नाही. बीजीएमआय आणि फ्री फायर हे अँड्रॉइडचे गेम, त्यांचा वाइनशी संबंध नाही. विंडोजवर अँड्रॉइडचे गेम चालवणारं ब्लूस्टॅक्स वाइनमध्ये बसवून ते चालतील अशी आशा धरू नका, कारण ब्लूस्टॅक्सला स्वतःचे विंडोज ड्रायव्हर लागतात.

ज्याचा सगळा वेळ व्हॅलोरंटमध्ये जातो त्यानं विंडोज ठेवावं किंवा दोन्ही सिस्टम शेजारी बसवाव्यात, हे आमचं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी आपल्या गेमचं नाव प्रोटॉनडीबीवर, म्हणजे खेळणाऱ्यांनी आपले अनुभव नोंदवलेल्या संकेतस्थळावर, शोधावं. तिथं प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि बोर्क्ड अशी प्रतवारी असते. प्रतीपेक्षा खालच्या नोंदी महत्त्वाच्या: आपल्यासारखं कार्ड असलेल्यानं कोणती प्रोटॉन आवृत्ती वापरली आणि काय बदललं ते तिथंच कळतं. नोंद जुनी असेल तर तिच्यावर विसंबू नका, हे चित्र महिन्या-महिन्याला बदलतं.

बसवताना

डिस्कवर लिनक्ससाठी ईएक्सटी४ विभाग करा आणि गेम त्यातच ठेवा. विंडोजच्या एनटीएफएस विभागात आधीच उतरवलेले गेम तिथूनच चालवायचा मोह होतो, आणि नवख्या माणसाचे सर्वात जास्त तास इथंच वाया जातात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जी फोल्डररचना करतं तिच्यात सी आणि पुढं विसर्गासारखी दोन टिंबं अशा नावाची जोड-फाइल असते. एनटीएफएसला नावात ती टिंबं चालत नाहीत. मग गेम सुरू होतो न होतो तोच बंद पडतो आणि कारण कुठंच लिहिलेलं येत नाही. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केल्यावरही तो विभाग अर्धवट उघडा राहतो आणि लिनक्स तो फक्त वाचण्यापुरता जोडतं. दोन्ही सिस्टम ठेवणार असाल तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप आधी बंद करा.

एनव्हिडिया कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून सुचवलेला ड्रायव्हर बसवा. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवून बसवू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती तुटते. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो, आणि यंत्र पुन्हा चालू होताना निळा पडदा येतो. तिथं एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. बरेच जण हा पडदा घाईत ओलांडतात. मग ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लागू होत नाही, आणि गेम गोगलगायीसारखा सरकतो. तपासलं तर एलएलव्हीएमपाइप निघतो.

दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये, म्हणजे इंटेलसोबत एनव्हिडिया असताना, गेम न सांगता इंटेलवर चालू होऊ शकतो. पॅनेलवरच्या एनव्हिडियाच्या चिन्हातून ऑन-डिमांड निवडलं असेल तर स्टीम एनव्हिडियावर सुरू करा, किंवा सरळ परफॉर्मन्स मोड ठेवा. बॅटरी लवकर संपेल, पण गेम प्लग लावूनच खेळायचा असतो.

स्टीमचे तीन प्रकार मिळतात. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं सिस्टम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅक चालतं, पण दुसऱ्या डिस्कवरचे गेम दिसायला वेगळी परवानगी द्यावी लागते. उबंटूचं स्नॅप टाळा. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कंपॅटिबिलिटी हा भाग उघडा आणि सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करा. नव्या आवृत्तीत ते बहुधा आधीच चालू असतं. आता इन्स्टॉलचं बटण विंडोजच्या गेमवरही दिसेल. पहिल्या वेळी गेमसोबत प्रोटॉन आणि स्टीम लिनक्स रनटाइमही उतरतात, दोन्ही मिळून कित्येक शे एमबी होतात. मोबाइलच्या डेटावर असाल तर याचा हिशेब धरा.

डेटा वाचवायचा तर

शिरपूर-शहाद्याकडच्या गावात फायबर नसेल आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा असेल, तर साठ जीबीचा गेम उतरवणं शक्य नाही. स्टीममध्ये २०२३ पासून एकाच वायफायवरच्या दुसऱ्या संगणकातून गेम ओढून घेण्याची सोय आहे. सेटिंग्जमधल्या डाउनलोड्समध्ये ती मिळते. भावाच्या विंडोजवर तो गेम उतरवलेला असेल, दोघांची स्टीम चालू असेल आणि त्यानं मित्रांना परवानगी दिली असेल, तर फाइली घरातल्या घरात येतात. मोबाइलचा हॉटस्पॉट नुसता वायफाय म्हणून वापरला तरी चालतं, इंटरनेटवरून फक्त ओळख पटवण्यापुरता डेटा जातो. ज्या गेमची वेगळी लिनक्स आवृत्ती आहे त्याच्या फाइली मात्र निराळ्या असतात. तिथं ही युक्ती हवी असेल तर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन सक्तीनं निवडा, म्हणजे विंडोजच्याच फाइली मागितल्या जातील.

पेनड्राइव्हनं आणायचं असेल तर तो एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि गेमच्या फाइली त्याहून मोठ्या असतात. गेमचा फोल्डर स्टीमॲप्समधल्या कॉमनमध्ये ठेवून मग इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फाइली तपासून घेतं आणि उरलेल्याच उतरवतं.

शेडर प्री-कॅशिंग बंद केलं तरी बराच डेटा वाचतो. शेडर म्हणजे प्रकाश-सावली-रंग कसे काढायचे त्याचे छोटे प्रोग्राम. प्रत्येक कार्डासाठी ते नव्यानं तयार करावे लागतात, म्हणून पहिल्यांदा नव्या जागी गेलात की क्षणभर चित्र अडखळतं. आधीच तयार केलेले शेडर स्टीम उतरवून देतं. ते बंद ठेवलं तर पहिला अर्धा-पाऊण तास थोडं अडखळणं सोसावं लागेल. ड्रायव्हर नवा असेल तर डीएक्सव्हीके हे काम गेम लोड होतानाच बरंचसं उरकतं, त्यामुळे पूर्वीइतका त्रास राहिलेला नाही.

प्रीफिक्स: इथंच सगळं साठतं

प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन एक वेगळा खोटा सी ड्राइव्ह तयार करतं, त्याला प्रीफिक्स म्हणतात. स्टीमॲप्समध्ये कॉम्पॅटडेटा नावाचा फोल्डर आहे, त्यात गेमच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये तो असतो. एका गेमचा गोंधळ दुसऱ्याला लागत नाही, हा याचा मोठा फायदा. आणि एखादा गेम विचित्र वागू लागला तर प्रीफिक्स काढून टाकला की पुढच्या वेळी कोरा नवा तयार होतो. पुष्कळ बिघाड एवढ्यानं जातात, विशेषतः यूबीसॉफ्ट किंवा ईएचं लाँचर पांढऱ्या खिडकीवर अडकलं असेल तर.

पण तुमची सेव्ह फाइलही बहुतेकदा त्याच प्रीफिक्समध्ये, स्टीमयूजर या नावाखालच्या डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामध्ये असते. क्लाउड सेव्ह नसलेला गेम असेल तर आधी ती दुसरीकडे कॉपी करा, मगच प्रीफिक्स काढा.

स्टीमवर नसलेला गेम, समजा सीडीवरून घेतलेला, तोही स्टीममधून चालवता येतो. ॲड नॉन-स्टीम गेम निवडून सेटअपची ईएक्सई जोडा, प्रॉपर्टीजमध्ये प्रोटॉन सक्तीनं निवडा आणि सेटअप पूर्ण करा. इथं एक बारकी गोष्ट आहे. सेटअप झाल्यावर गेमची ईएक्सई नवी नोंद म्हणून जोडली तर तिला नवा कोरा प्रीफिक्स मिळतो आणि बसवलेला गेम तिथं सापडत नाही. त्याऐवजी त्याच नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट बदलून बसवलेल्या गेमच्या ईएक्सईचा पत्ता द्या. एपिक आणि जीओजी या गेमच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानांवरच्या गेमसाठी हीरोइक लाँचर वापरा, त्यात हा घोळ होत नाही.

सेफडिस्कसारखं सीडीचं संरक्षण असलेले जुने गेम चालत नाहीत, कारण त्यालाही विंडोजच्या गाभ्यातला ड्रायव्हर लागतो. विंडोज १० नंही तो केव्हाच काढला आहे. अशा गेमची जीओजीवरची संरक्षणाशिवायची प्रत शोधावी.

लक्षणं आणि कारणं

प्ले दाबलं, बटण क्षणभर स्टॉप झालं आणि पुन्हा प्ले झालं: गेम उठलाच नाही. आधी दुसरी प्रोटॉन आवृत्ती निवडून पाहा. एक्सपेरिमेंटल हा पहिला उपाय, जीई-प्रोटॉन ही व्हॉल्वबाहेर सुधारलेली आवृत्ती दुसरा. जीई-प्रोटॉन प्रोटॉनअप-क्यूटी या छोट्या ॲपमधून बसवता येतं. बसवल्यावर स्टीम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय यादीत येत नाही.

डेनुव्हो हे नक्कलविरोधी संरक्षण असलेल्या गेमवर मात्र एकामागून एक आवृत्त्या बदलू नका. प्रत्येक नवी आवृत्ती त्याला नवा संगणक वाटते, आणि साधारण पाच बदलांनंतर गेम चोवीस तास कुलूपबंद होतो. तशी सूचना आली तर काही बिघडलेलं नसतं, एक दिवस थांबायचं.

नवे गेम चालतात पण २०१० च्या आधीचे उघडतच नाहीत: ३२ बिटांचा ग्राफिक्स ड्रायव्हर राहिला आहे. बहुतेक जुने गेम ३२ बिटांचे असतात आणि त्यांना ड्रायव्हरच्या त्या फाइली वेगळ्या लागतात. मिंटमध्ये सिस्टम पॅकेजची स्टीम बसवताना त्या सहसा येतात.

गेम चालतो, पण मधल्या व्हिडिओच्या जागी रंगीत पट्ट्यांचा पडदा दिसतो: तो व्हिडिओ ज्या पद्धतीनं साठवला आहे तिच्यावर पेटंट आहे, म्हणून व्हॉल्व ते सॉफ्टवेअर प्रोटॉनमध्ये देत नाही. जीई-प्रोटॉनवर असे व्हिडिओ बहुधा दिसतात.

मोठा गेम अर्ध्या तासानं अचानक बंद पडतो, रॅम शिल्लक असूनही: एका प्रोग्रामला मेमरीचे किती तुकडे घेता येतील याची कर्नलमधली मर्यादा संपली असावी. तिचं नाव व्हीएम डॉट मॅक्स मॅप काउंट, जुना आकडा ६५५३०. उबंटू २४.०४ पासून तो १०४८५७६ केला आहे आणि मिंट २२ त्यावरच उभं आहे. जुनी आवृत्ती वापरत असाल तर सिसकंट्रोलच्या फाइलीत हा आकडा वाढवा.

स्थानिक बाजारातला साधा यूएसबी गेमपॅड लावला, दिवा लागतो, पण गेम दाद देत नाही: अलीकडचे गेम एक्सबॉक्सच्या पद्धतीचा पॅड शोधतात. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंग्जमध्ये साध्या पॅडसाठी स्टीम इनपुट चालू करा आणि बटणं एकदा नेमून द्या.

सिस्टम मराठीत ठेवली असेल तर गेमच्या फोल्डरला देवनागरी नाव देऊ नका. युनिकोड न समजणारे जुने गेम अशा पत्त्यावर अडखळतात. नाव रोमनमध्ये, जागा न सोडता ठेवा.

सुरुवातीला वेग चांगला आणि वीस मिनिटांनी निम्मा: हा उकाडा. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा लॅपटॉपच्या पंख्याला आत घ्यायला थंड हवाच नसते. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. वाइनचा यात काही दोष नाही, विंडोजवरही हेच होईल. धूळ काढा, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्या, आणि फ्रेमचा वेग बांधा. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या लाँच ऑप्शन्समध्ये डीएक्सव्हीके_फ्रेम_रेट=३० आणि एक जागा सोडून %कमांड% असं रोमनमध्ये लिहा, पहिला शब्द कॅपिटलमध्ये, आकडा इंग्रजी अंकांत आणि कमांड हा शब्द लहान अक्षरांत. सतत ३० फ्रेम हे ५५ वरून २० वर कोसळण्यापेक्षा खेळायला कितीतरी बरं.

अंगच्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर रॅमची एक ८ जीबीची पट्टी काढून ४-४ च्या दोन घाला. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्यांमुळे रॅमकडे जायचा रस्ता दुप्पट रुंद होतो. एचडी ५२० वर सेटिंग कितीही बदललं तरी एवढा फरक पडत नाही. त्या कार्डावर जीटीए ५ खेळायचा तर ७२० रेझोल्यूशन आणि सगळं लो एवढीच अपेक्षा ठेवा.

क्रॅक केलेल्या गेमबद्दल

लिनक्सला व्हायरस लागत नाही असं समजून कुठूनही उतरवलेली ईएक्सई वाइनमध्ये चालवली जाते. वाइन ही पेटी नाही. त्यात झेड नावाचा ड्राइव्ह असतो आणि तो तुमच्या सगळ्या फाइलींपर्यंत पोचतो. विंडोजची फाइली कुलूपबंद करणारी घातक ईएक्सई वाइनमध्ये चालली तर घरच्या फोटोंपासून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं कुलूपबंद करू शकते. वाइन सुडो लावून, म्हणजे सिस्टमचे पूर्ण अधिकार देऊन, तर कधीच चालवू नका. अनोळखी ईएक्सई चालवायचीच असेल तर बॉटल्स या वाइन चालवणाऱ्या ॲपची फ्लॅटपॅक आवृत्ती वापरा, तिला घरच्या फोल्डरची परवानगी मुळात नसते.

तरीही चालला नाही तर

लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉन_लॉग=१ आणि %कमांड% लिहा, वरच्यासारखंच. गेम एकदा चालवा आणि बंद पडू द्या. होम फोल्डरमध्ये स्टीम आणि गेमचा क्रमांक अशा नावाची लॉग फाइल तयार होते. ती हजारो ओळींची असते, सगळी वाचू नका. शेवटाकडून वर जा. व्हल्कन किंवा डीएक्सव्हीकेचं नाव घेऊन तक्रार असेल तर बिघाड ड्रायव्हरच्या थरात आहे. एखादी डीएलएल, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल, सापडली नाही असं असेल तर ती कोणत्या पॅकेजची ते पाहून प्रोटॉनट्रिक्स या ॲपनं त्याच गेमच्या प्रीफिक्समध्ये बसवा. व्हिज्युअल सी++ चं पॅकेज बहुतेक वेळा हेच असतं. अँटी-चीटचं नाव दिसलं तर तिथंच थांबा. मदत मागताना कार्डाचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, प्रोटॉनची आवृत्ती आणि या लॉगच्या शेवटच्या पन्नासेक ओळी सोबत द्या. नुसतं "गेम चालत नाही" एवढं लिहिलं तर समोरच्याला हे सगळं पुन्हा विचारावं लागतं.